पोच येईपर्यंत

ज्या मुलीवर मी आयुष्यात सगळ्यांत जास्त जळले, तिच्यामुळे माझी नोकरी राहिली. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटेल की मी तिच्या तक्रारी मांडायला बसले आहे. तक्रारी आहेतच, त्याही सांगणार आहे. पण उपकार पहिले.

ती गिरगावची, कॉम्प्युटरची इंजिनीअर. माझ्यापेक्षा बरीच लहान, आणि पहिल्या दिवसापासून मला 'ताई' म्हणायची. त्या 'ताई'चाही मला राग यायचा. आमच्या ऑफिसात सगळ्या बायकांना 'मॅडम' म्हणत. ही एकटी 'ताई' म्हणून मला एकदम मोठी करून टाकायची, जणू माझं शिकायचं वय संपलंच.

शिकायचं वय तसं लवकरच संपलं होतं. बाबा लालबागच्या एका गिरणीत होते. संप झाला आणि काही महिन्यांनी आम्ही देवगडकडे आमच्या गावी गेलो. 'मिटला की परत यायचंच आहे' म्हणून आईने भांडी पोत्यात बांधून नेली होती, आणि त्यातली निम्मी ती बरेच दिवस बाहेर काढीना. संप मिटल्याचा निरोप काही आला नाही. कुणी 'मिटला' म्हणालं नाही, कुणी 'मोडला' म्हणालं नाही. बाबा पडवीत रस्त्याकडे तोंड करून बसायचे ते बसलेच. आठवीनंतरची शाळा लांब होती, त्यामुळे माझी शाळा सुटली आणि मी काजूच्या कारखान्यात जायला लागले.

मग लालबागहून मावशीचा निरोप आला, की खाणावळीत हात कमी पडतो, पोरीला पाठवा. मावशीची खाणावळ चाळीतल्या तिच्याच खोलीत. गिरण्या चालू होत्या तेव्हा तिथे पाळीपाळीने पंगती उठत. मी आले तेव्हा जुन्यातले चारदोन म्हातारे उरले होते, बाकी बँकांतले, दुकानांतले, नव्या ऑफिसांतले लोक. मी सकाळी मावशीच्या हाताखाली, दुपारनंतर परळ नाक्यावर टायपिंगच्या क्लासला. टायपिंगवरून कॉम्प्युटरवर आले आणि एका बंद गिरणीच्या आवारात उघडलेल्या रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये एन्ट्रीच्या कामाला लागले. नोकरी कच्ची होती. 'बघू, काम कसं होतंय त्यावर,' असं साहेब म्हणाले होते.

त्या 'बघू'ने माझी झोप खाल्ली. पुन्हा गावी जायचं, पडवीत बाबांच्या शेजारी बसायचं आणि दोघांनी मिळून रस्ता बघायचा, हे चित्र डोळ्यांसमोरून हलत नसे. पोळ्यांचं पीठ मळतानाही माझी बोटं परातीच्या काठावर टाइप करत. मावशी म्हणे, "गो, पीठ मळतंस की पेटी वाजवतंस?"

काम असं होतं. गिरगाव, दादर, भायखळ्याला लॅबची छोटी काउंटर होती. तिथून नमुने यायचे, त्यांच्याबरोबर पेशंटांची माहिती यायची. ती मी माझ्या मशीनमध्ये भरायची, आणि ते मशीन ती एसीच्या खोलीतल्या मोठ्या मशीनकडे पाठवायचं. संध्याकाळी दिवसभराच्या सगळ्या ओळी पुन्हा एकेक करून पाठवायच्या, म्हणजे रिपोर्ट छापायला घेता येत. पूर्वी सगळं एकाच कॉम्प्युटरवर होतं. मग साहेबांनी मोठ्या हौसेने नवी मशीनं आणली, भिंतीभर तारा टाकल्या, आणि नेमकं तेव्हापासून काम रेंगाळायला लागलं. एंटर दाबला की स्क्रीन जरासा अडायचा, मग पुढे जायचा. एकेका ओळीचं काही वाटत नसे, पण दिवसाच्या हजारो ओळी एकामागून एक अडल्या की संध्याकाळ लांबायची. रिपोर्ट उशिरा, पेशंट काउंटरवर ओरडणार, काउंटरवाले फोनवर साहेबांना ओरडणार.

तारा टाकणाऱ्याला साहेबांनी बोलावलं. त्याने एक भलीमोठी फाइल इकडून तिकडे पाठवली. ती झुपकन गेली. "तार एकदम झकास आहे, साहेब," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघितलं. साहेबांनीही बघितलं. तार चांगली, मशीन नवं, मग राहिलं काय? माझी बोटं.

"महिनाअखेरपर्यंत बघतो," साहेब म्हणाले. "नाहीतर एन्ट्रीचं काम बाहेर एजन्सीला देतो. तिथे ग्रॅज्युएट मुली आहेत, फास्ट."

आणि त्याच आठवड्यात ती आली. लॅबचे प्रोग्रॅम बघायला म्हणून तिला घेतलं होतं, पण मला वाटलं, हीच ती एजन्सी. जीन्स, खांद्याला झोळी, केस कसेतरी वर बांधलेले, आणि साहेबांशी बोलताना आवाज जराही खाली येत नसे. संध्याकाळ झाली की ही आपली बसने सुटे आईच्या घरी. माझी आई एका रात्रीच्या एसटीच्या पलीकडे. मी तिच्यावर जळायला लागले ते इथून.

पण खरी आग लागली खाणावळीत. साहेबच म्हणाले, "यांना कुठे चांगलं जेवण मिळतं ते दाखवा." न्यावं लागलं. तिने चप्पल दाराशी काढली, भिंतीशी मांडी घातली आणि पहिल्याच घासाला म्हणाली, "मावशी, ही कढी म्हणजे नुसतीच प्यायला हवी. वाटी नको, तांब्या द्या."

मावशी खूश. "घे गो चेडवा, घे."

चेडवा, म्हणजे पोरी! गावाहून आले तेव्हा हा शब्द माझा होता. हळूहळू माझं नुसतं 'गो' झालं होतं, कारण मी घरचीच. आता तो शब्द तिच्या ताटात पडला. शब्दाबरोबर सुरमईची मधली तुकडीही. मी घरची म्हणून मला नेहमी शेपटीकडची. याबद्दल मी इतकी वर्षं काही बोलले नव्हते. तेव्हाही भात चिवडत बसले.

दुसऱ्या दिवशी ती स्टूल घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. "ताई, तुम्ही तुमचं काम करा. मी नुसतं बघते."

नुसतं बघते म्हणजे काय? माझ्या बोटांना घाम फुटला. ती मात्र बोटांकडे बघतच नव्हती. स्वतःच्या मशीनवर तिने एक प्रोग्रॅम लावला होता. तारेवरून जाणारं माहितीचं प्रत्येक पुडकं त्यात दिसे: कुणाकडून कुणाकडे, केवढं, कितव्या क्षणाला. अर्धा तास झाल्यावर तिने स्क्रीन माझ्याकडे वळवला.

"हे बघा. पहिलं पुडकं गेलं. मग हा गॅप. मग दुसरं गेलं. पुढच्या ओळीला परत तोच गॅप. सेकंदाचा पाचवा भाग. प्रत्येक वेळी तेवढाच."

"म्हणजे माझं काही चुकतंय का?"

"तुमचं?" ती हसली. "ताई, माणसाचं बोट इतकं शिस्तीचं नसतं हो. कधी लवकर पडेल, कधी उशिरा. हे कुणीतरी नेमानं थांबतंय. मोठं मशीन रिकामं आहे, तार रिकामी आहे, आणि तरी दोघंही थांबलेत. का थांबलेत, ते नाही कळत अजून."

माझी बोटं नाहीत, हे मला त्या दुपारी कळलं. खरं तर मी तिथेच तिचे पाय धरायला हवे होते. माझ्या मनात आलं ते हे की, हे मला का नाही दिसलं? रोज त्या स्क्रीनसमोर मी बसते, आणि ही काल आलेली.

दोन दिवसांनी खाणावळीत बँकेतला एक नवा जेवणारा आला होता. पुण्याकडचा असावा, बोलणं अगदी इस्त्री केलेलं. त्याच्या शेजारी आमचे जुने जॉबरकाका, गिरणीत जॉबर म्हणजे मुकादम होते ते. भाकरी संपली तसा तो आत बघून म्हणाला, "मावशी, भात वाढता का थोडा?"

आतून काही आवाज नाही. मावशी चुलीपाशी पळी धरून बसलेली, मला दारातून दिसत होती. हा ताटात हात वाळवत बसला.

जॉबरकाका म्हणाले, "पुढचं बोला की."

"त्या 'हो' म्हणू देत ना. हाकेवर हाक मारणं बरं दिसत नाही."

"मग बसा वास घेत."

शेवटी मावशी उठली, भात घेऊन बाहेर आली, वाढता वाढता म्हणाली, "हं, घे." तेव्हा कुठे हा म्हणतो, "आणि जराशी सोलकढी."

"मेल्या, ह्या आधी सांगूक काय झाला तुका? माका काय चार पाय आसत?"

सगळी पंगत हसली. ती मात्र हसेना. तिचा घास हातातच राहिला होता. एकदा त्या बँकवाल्याकडे बघे, एकदा आत चुलीकडे.

"ताई, मावशी नेहमी असंच करतात?"

"असंच म्हणजे?" मला झोंबलं. "एकटी बाई वीस माणसांचं करते. आळशी नाही ती."

"अहो, आळशी कुठे म्हणतेय मी?" आणि तिने सरळ आत हाक मारली, "मावशी, कुणी काही मागितलं की तुम्ही लगेच ओ का देत नाही?"

"गो चेडवा, ओ देऊन पोट भरता काय? काय काय होया ता आधी आयकतंय, मगे एकदाच उठतंय. वस्तू हातात इली की तीच माझी ओ."

"आणि कुणी पुढचं बोललंच नाही तर?"

"मगे काय, वाट बघून उठतंय. उपाशी थोडीच ठेवतलंय?"

जॉबरकाका म्हणाले, "आमच्या वेळी सगळे एका दमात ओरडायचे. 'मावशी, भात नि कढी!' पाळी गाठायची असे. हे नवे लोक सभ्य आहेत ना, त्यांचा भात उशिरा येतो."

ती डाव्या हाताने माझा दंड धरून म्हणाली, "ताई, हेच! अगदी हेच चाललंय आपल्याकडे!" तिच्या डोळ्यांत जो आनंद होता तो बघून माझ्या पोटात दुखलं. मावशी माझी, खाणावळ माझी, हे सगळं मी हजारदा वाढलेलं. आणि ते दिसलं कुणाला?

ऑफिसात परतताना रस्ताभर ती मला समजावत होती. ते मी आजही नव्या मुलांना तिच्याच शब्दांत सांगते. दोन मशीनं बोलतात तेव्हा पाठवलेलं पोचलं की नाही हे कळायला घेणाऱ्याने पोच द्यावी लागते. पण प्रत्येक चिमुकल्या पुडक्यामागे एक रिकामी पोच धाडत बसलं तर तारेवर गर्दी पोचेचीच होईल. म्हणून घेणारा क्षणभर थांबतो. आणखी एक पुडकं आलं तर दोघांची मिळून एकच पोच देऊ, किंवा उत्तर द्यायचंच असेल तर पोच त्याच्याबरोबर देऊन टाकू. ही झाली मावशी. पाठवणाऱ्याचाही एक नियम असतो. आधीच्या पुडक्याची पोच आली नसेल तर पुढचं छोटंसं पुडकं सोडायचं नाही, हातात धरून ठेवायचं. हा तो बँकवाला.

"दोघंही शहाणे," ती म्हणाली. "फक्त एकमेकांसमोर बसले की अडतात. आपला प्रोग्रॅम आधी पेशंटचा नंबर पाठवतो, मग वेगळ्याने तपासणीची ओळ, मग उत्तराची वाट बघतो. नुसत्या नंबरावर मोठं मशीन काय उत्तर देणार? ते थांबतं. पोच नाही म्हणून आपलंही थांबतं. सेकंदाचा पाचवा भाग गेला की मोठं मशीन कंटाळून नुसती पोच देतं, तेव्हा आपलं दुसरं पुडकं सुटतं."

"मग ती मोठी फाइल कशी झुपकन गेली?" मी विचारलं. मला वाटलं, आता सापडली.

"भरलेल्या पुडक्यांना तो नियम नाही ना. ती एकामागून एक सुटतात, आणि दोन आली की पोच लगेच मिळते. छान विचारलंत, ताई."

'छान विचारलंत'! मास्तरीणबाई! आठवीत मास्तरांनी असं म्हटलं असतं तर मी आठवडाभर हवेत चालले असते. तिने म्हटलं तर मला राग आला. आनंद आणि राग दोन्ही एकाच वेळी, एकाच जागी होतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

महिनाअखेर आली. एजन्सीचा माणूस साहेबांच्या केबिनमध्ये चहा पीत होता. मी टेबलाखाली हात लपवून बसले होते. ती सरळ आत गेली आणि साहेबांना बाहेर घेऊन आली.

"साहेब, ताईंच्या खुर्चीवर तुम्ही बसा. एक ओळ भरा."

"मी? मला टायपिंग कुठे येतंय?"

"म्हणूनच."

साहेब बसले. एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, एक ओळ भरली आणि एंटर दाबला. तिने स्वतःचा स्क्रीन वळवून दाखवला. गॅप तेवढाच. मग मला बसवलं. मी माझ्या वेगाने भरलं. गॅप तेवढाच. मग एजन्सीच्या माणसालाही म्हणाली, "या ना, तुम्हीही बसा." तो म्हणाला, नको, चहा गार होतोय.

"ही ताईंची बोटं नाहीत, साहेब. यांच्या जागी उद्या कुणालाही बसवलंत तरी संध्याकाळ इतकीच लांबणार. मला आजची दुपार द्या."

सगळ्यांसमोर म्हणाली. माझ्याबद्दल इतकं ठणकावून त्या ऑफिसात तोवर कुणी बोललं नव्हतं, मी स्वतःसुद्धा नाही.

दुपारी तिने आधी आमच्या मशीनचा तो थांबायचा नियमच बंद केला. त्या संध्याकाळची पाठवणी चहा यायच्या आत संपली. साहेब टाळ्या वाजवत म्हणाले, "बस, झालं काम!" पण ती मान हलवत होती. गिरगाव-दादरची काउंटरं टेलिफोनच्या लाइनवरून जोडलेली, तिथे अशी सुटी चिमुकली पुडकी सोडली तर त्या बारक्या लाइनची वाट लागेल, म्हणाली. प्रत्येक पुडक्याला स्वतःचं वेष्टन असतं, आत किती का कमी माल असेना. तिने दोन दिवस बसून प्रोग्रॅमच बदलला. नंबर आणि तपासणीची ओळ एकाच पुडक्यात. मोठ्या मशीनला सगळं एकदम मिळायचं, ते उत्तर द्यायचं आणि त्याच उत्तराबरोबर पोच यायची. मग कुणाचा नियम बंद करायचीही गरज उरली नाही.

"भात नि कढी," ती मला म्हणाली. "एका दमात."

साहेबांनी पेढे मागवले. पुडा तिच्या हातात दिला, फोटो तिचा काढला. नोकरी माझी वाचली आणि पुडा तिच्या हातात, हे मला तेव्हा धडधडीत अन्याय वाटलं. माणूस बुडता बुडता वर आल्यावर ओढून काढणाऱ्याच्या मनगटातलं घड्याळ बघतो, तसं काहीसं. तिने एक पेढा मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला. मी खाल्ला. गोड होता. अर्धाच का, हेही मनात आलंच.

आणि मग ती साहेबांना म्हणाली, "मला मदतीला ताई हव्यात. प्रश्न बरोबर विचारतात."

त्या एका वाक्यावर माझं पुढचं आयुष्य उभं आहे. एन्ट्रीची खुर्ची सोडून मी तिच्या स्टुलावर बसायला शिकले. पुडकी कशी वाचायची, गॅप कुठे शोधायचा, कुणावर बोट दाखवण्याआधी तारेवर काय चाललंय ते कसं बघायचं, सगळं तिने शिकवलं. मी चुकले की 'अरेच्चा' म्हणायची, बाकी काही नाही. नोकरी पक्की झाली तेव्हा गावच्या दुकानातल्या फोनवर बाबांना कळवलं.   ते म्हणाले, "पक्की म्हणजे लिहून दिलंय ना?" दिलंय म्हटलं. "मग ठीक," म्हणाले. पुढे आईने सांगितलं, त्या संध्याकाळी ते पडवीत बसले नव्हते. परसात आले होते, तिच्याशी बोलत.

ती वर्षभर होती. मग परदेशी गेली, मोठ्या नोकरीवर. निघायच्या आदल्या दिवशी खाणावळीत जेवायला आली, आणि मावशी पदराने डोळे पुसत तिला वाढत होती. मी गावाहून आले त्या दिवशी मावशी रडली नव्हती, हेही मी तेव्हा मोजलंच. जळणं असं जात नाही. ती गेल्यावर मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. उलट तिची जागा रिकामी बघून मला कुणावर जळावं तेच कळेना.

आता त्या गिरणीच्या जागी काचेची इमारत आहे. लॅब तिथेच आहे, वरच्या मजल्यावर, आणि तिचं सगळं जाळं मी सांभाळते. नवीन आलेली मुलं धावत येतात, "मॅडम, सिस्टीम स्लो आहे, काउंटरवाली मुलगी स्लो आहे." मी म्हणते, मुलीला नंतर बघू, आधी गॅप दाखवा. मात्र प्रत्येक वेळी अजून वाटतं, आता कळेल, दोष माझ्याच बोटांचा होता.

मावशीची खाणावळ बंद झाली, तिच्या गुडघ्यांनी दगा दिला. मी तिच्याजवळच राहते. मावशी दर थोड्या दिवसांनी विचारते, "चेडवाचो फोन इलो?" येतो कधीकधी, दिवाळीला नक्की. ती आधी मावशीशी बोलते, मग माझ्याशी. क्रम मी लक्षात ठेवलेला आहे.

तिला परत काय द्यायचं, याचा मी पुष्कळ विचार केला. तिच्याकडे सगळं आहे, आणि माझ्याकडचं बरंचसं तिचंच दिलेलं. तरी एक गोष्ट आहे. कधीतरी ती गिरगावला येईल, तेव्हा तिला लालबागला आणायचं. मावशीला पाटावर बसवून ठेवायचं, उठू द्यायचं नाही. सुरमई मी आणेन, मी तळेन. आणि मधली तुकडी तिच्या ताटात मी माझ्या हाताने वाढेन, भात नि कढीसकट, तिने काही मागायच्या आत. शेपटी मी खाईन. हे माझं तिला वचन. ते करताना पोटात दुखणार नाही असं मात्र वचन देत नाही. पण वाढेन नक्की.